हळद नव्हती ती

तिरफळ, परवा ती काळाचौकीची बाई आली होती. तीच गं, दरवर्षी दोन-तीन खेपांत मिरच्या घेऊन येते आणि वजन पुन्हा पुन्हा करायला लावते. पिशवी काट्यावर ठेवायच्या आधीच तिने हळदीच्या पोत्याकडे बघितलं आणि विचारलं, “काय काकी, तुमची नवरी कुठे गेली?”

आणि माझ्या तोंडातून काय निघावं? “गेली सासरी.”

बाई खो खो हसली. मीही हसले. मग मिरच्यांचे देठ नीट काढले नाहीत म्हणून तिच्यावरच उगाच खेकसले आणि चाळण घेऊन आत गेले.

तू जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. ज्या थट्टेपायी तू गेलीस तीच थट्टा मी पुन्हा केली, तुझ्या रिकाम्या जागेकडे बघून. लाज नाही वाटली का, म्हणशील. वाटली, पण हसून झाल्यावर वाटली. माझं सगळं असंच आहे, आधी तोंड चालतं आणि मग बाकीचं जागं होतं. मांजरासाठी कोणी असं लिहीत बसतं का, असंही लोक म्हणतील. म्हणू देत. तू होतीस तेव्हा दिवसभर तुझ्याशी बडबडायचे, तेव्हाही म्हणायचेच, “काकी परत सुरू झाल्या.”

तू आम्हाला सापडलीस ती गावाहून आलेल्या तिरफळांच्या गोण्यांमागे. एवढीशी होतीस, आणि उचलायला गेलेल्या ह्यांच्या बोटाला असा काही दात लावलास की हे बोट चोखत म्हणाले, “तिरफळच आसा गो ह्यां!” बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ दाताखाली आलं की जीभ कशी बधिर होते, तशी तू पहिल्याच दिवशी सगळ्यांना झोंबलीस. नाव तेच राहिलं.

पांढरी शुभ्र होतीस. पण आमच्या कांडपात पांढरं काही टिकत नाही. सासऱ्यांची मिल बंद पडली तेव्हा त्यांनी लालबागच्या ह्या गल्लीत मसाले कुटायचं यंत्र टाकलं, तेव्हापासून आमच्या घरातली माणसं लाल तरी असतात नाहीतर पिवळी. हे यंत्रावर, मी काट्यावर आणि चाळणीवर. तू हळकुंडांच्या पोत्यावर बस्तान मांडलंस आणि बघता बघता पिवळी झालीस. आंघोळ घालायला गेलं की ओरबाडायचीस, आणि घातली तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तशीच. मी नाद सोडला. अंगात तुझ्या काय काय अडकलेलं असायचं! धणे, नागकेशर, दगडफुलाचे तुकडे. संध्याकाळी दुकान आवरताना तुला मांडीवर घेऊन मी ते निवडत बसायचे. तू डोळे मिटून घुरघुरायचीस, आणि दिवसभरात कोणाला काय काय बोलले ते मी तुला सांगायचे. तेवढा एकच वेळ होता गं, ज्यात मी कोणावर ओरडत नव्हते.

उपकार आहेत तुझे. तू यायच्या आधी उंदरांनी पोती कुरतडून जीव नकोसा केला होता. तू आलीस आणि उंदरांनी गल्ली बदलली. शिवाय भांडायला कोणीतरी हवं असतं माणसाला. आपलं भांडण स्टुलाचं. मी उठले की तू बसणार, मी हाकलणार, तू हळूच एक डोळा उघडून बघणार आणि परत मिटणार. उन्हाळ्यात, मसाल्याच्या सीझनमध्ये, रांग पार कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यापर्यंत गेलेली असताना, मी उभ्या उभ्या वजनं केली आहेत तुझ्यामुळे. अजून ते भांडण मिटलेलं नाही. स्टूल रिकामं आहे आणि मला त्यावर बसवत नाही.

मग प्राजक्ता आली. आमच्या निखिलची बायको, लग्नाला वर्ष होत आलंय. दादरची मुलगी, वडील बँकेत होते, बोलणं अगदी स्वच्छ आणि हळू. इतकं हळू की यंत्र चालू असलं की तिचे नुसते ओठ हललेले दिसायचे. मी म्हणायचे, “अगं, जरा मोठ्याने बोल, इथे काय परीक्षा चाललीये?” ती हसायची आणि गप्प व्हायची. घरून काम असलं की मागच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची. आणि तू, बाईसाहेब, माझी मांडी सोडून तिच्या मांडीवर जायला लागलीस. मी पोत्याजवळून हाक मारायचे, तू आतून कानही हलवायची नाहीस. खरं सांगू? झोंबलं मला ते. एवढी वर्षं मी धणे वेचले आणि तू चाललीस लॅपटॉपवालीकडे.

हे सांगते, कारण पुढचं जे झालं ते ह्यातूनच झालं.

भर सीझनची सकाळ होती. दुकानासमोर पिशव्यांची रांग, बायका पदराने नाक झाकून उभ्या, मला श्वास घ्यायला फुरसत नाही. प्राजक्ता तुला दोन्ही हातांत धरून बाहेर आली. म्हणाली, “आई, तिरफळचे कान आतून पिवळे दिसतायत. हिरड्यापण. मला ती बरी वाटत नाही.”

मी काय म्हणावं? सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “अगो बाई! हळदीच्या पोत्यावर लोळणारं मांजर पिवळं नाही दिसणार तर काय हिरवं दिसणार? तुमच्या दादरला हळद पांढरी असते वाटतं!”

बायका अशा हसल्या! प्राजक्ताचं तोंड एवढंसं झालं. ती तुला घेऊन आत गेली. आणि ती काळाचौकीची बाई म्हणाली, “काकी, मांजरीला हळद लागली म्हणजे लग्न ठरलं म्हणा की!”

झालं. मला तेवढंच पुरे होतं. मी आत जाऊन तुला उचलून आणलं, पोत्यावर बसवलं, देवाच्या परडीतलं मोगऱ्याचं फूल तुझ्या कानामागे खोचलं. कोणीतरी कुंकवाचं बोट लावलं. तू मान खाली घालून बसलीस. एरवी फूल लावू दिलं असतंस? फाडून खाल्लं असतंस मला. तेवढ्यावरून तरी कळायला हवं होतं. पण मी म्हणाले, “बघा, नवरी लाजतेय!” मोबाइल काढला, व्हिडिओ केला आणि स्टेटसला टाकला. वर लिहिलं, ‘आमच्या तिरफळची हळद’. किती जणांनी हसऱ्या तोंडांचे शिक्के पाठवले! संध्याकाळपर्यंत मी ते पुन्हा पुन्हा उघडून बघत होते.

तू लाजत नव्हतीस. तुला मान वर धरवत नव्हती.

नंतर तू मांदेलीकडे पाठ फिरवलीस, तर मी गिऱ्हाइकांना सांगितलं, नवरीचा उपास आहे. तू भिंतीचा चुना चाटत बसलीस, तर पोपडे पडतात म्हणून तुला फडक्याने हाकललं. तू पोत्यावर चढायला गेलीस आणि अर्ध्यातून खाली घसरलीस, तर मी म्हटलं, खाऊन खाऊन जड झालीये. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर तयार होतं. आणि प्राजक्ता आतून येऊन तुला बघायची, माझ्याकडे बघायची आणि परत जायची. तिच्या हातात तुझी वाटी असायची, भरलेली.

शेवटी एका सकाळी ती ऑफिसचा ड्रेस घालून बाहेर आली, हातात बाजाराची मोठी पिशवी, पिशवीत तू. म्हणाली, “मी हिला डॉक्टरकडे नेते.” विचारलं नाही, सांगितलं. मी कुरकुरतच टॅक्सीत बसले. सीझनचा दिवस बुडाला, मांजरांना कधी कावीळ होते का, असं दादर येईपर्यंत बोलत होते.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांना मी सांगितलं, आमचं मसाल्याचं कांडप आहे, ही हळदीत लोळते, बाकी काही नाही. त्या बरं म्हणाल्या. कापूस ओला केला आणि तुझ्या कानाच्या आतून नीट फिरवला. मग तो कापूस त्यांनी माझ्यासमोर धरला. पांढरा होता. त्यांनी दुसरा घेतला, हिरडीवरून फिरवला. तोही पांढरा. कापूस पांढरा आणि कान पिवळा.

रक्त काढून त्यांनी काचेवर पसरलं आणि यंत्रातून बघितलं. मलाही दाखवलं. लाल टिकल्या होत्या सगळीकडे आणि काही टिकल्यांत काजळाचे बारीक ठिपके. डॉक्टर म्हणाल्या, “हे ठिपके म्हणजे परजीवी आहेत. बाबेसिया म्हणतात. रक्तात राहून तांबड्या पेशी फोडतात. फुटलेल्या पेशींतून रंग सुटतो, तोच हा पिवळा. आणि रक्त कमी झालं की मांजरं भिंत चाटतात, माती चाटतात. कुत्र्यांमध्ये हे आम्ही पुष्कळ बघतो. मांजरांमध्ये कमी दिसतं, म्हणून कोणाच्या चटकन ध्यानात येत नाही.”

“पण हे आत गेलं कसं?” प्राजक्ताने विचारलं.

“गोचिडीतून. गोचीड रक्त प्यायला चिकटते आणि पिता पिता हे आत सोडते. आजूबाजूला कुत्री आहेत का?”

आमच्या पायरीखालीच एक असतो, तू त्याच्याशी भांडायला जायचीस तो. त्याच्या कानात गोचिडी लोंबतात हे साऱ्या गल्लीला माहीत आहे.

“मांजराच्या अंगावर बघितलीत का कधी गोचीड?” डॉक्टर मला विचारत होत्या. “फुगली की करडी, गोल दिसते. धण्याएवढी, कधी वाटाण्याएवढीसुद्धा.”

तिरफळ, माझ्या बोटांना आठवलं. मान उतरते तिथे, डाव्या कानामागे. सीझनच्या सुरुवातीची गोष्ट. मांडीवर होतीस आणि बोटाला गोल लागलं. धणा, असं वाटलं मला. निघेना. मेला चिवट धणा, म्हणत मी नखाने ओढून काढला आणि केरात टाकला. बोटाला लाल लागलं होतं. ते मी मिरचीचं समजले. जन्म गेला मसाल्यात, आणि धणा कुठला न् गोचीड कुठली एवढं मला कळलं नाही. बघितलंच नव्हतं मी. बोटं आपली चालत होती आणि तोंड चालत होतं.

“नाही,” मी डॉक्टरांना म्हटलं. “गोचीड वगैरे कधी नाही दिसली.”

“आणि पिवळी कधीपासून आहे?”

“कालपासून,” मी म्हटलं.

प्राजक्ताने माझ्याकडे मान वळवलीसुद्धा नाही. “नाही डॉक्टर, आठवडा तरी झाला,” ती तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली. “माझ्या लक्षात आलं होतं. आणायला मीच उशीर केला.”

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि तिलाच जरा रागाने सांगितलं, लवकर कळलं तर औषधाने पुष्कळ मांजरं वाचतात, असं अंगावर काढायचं नसतं. प्राजक्ता मान हलवत होती. मी बाजूच्या खुर्चीत बसून माझ्या पर्सची चेन उघडत होते, बंद करत होते. पोरगी मला वाचवतेय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. आणि मी वाचवून घेतलं.

तुला तिथेच ठेवलं. रक्त द्यावं लागलं. प्राजक्ताच्या ऑफिसातल्या एकीचा वडाळ्याला राहणारा भाऊ आपला बोका घेऊन आला, त्याचं चढवलं तुला. मला नवल वाटलं, मांजरांनाही रक्त देतात. थोडी उठून बसलीस असं प्राजक्ताने फोनवर सांगितलं तेव्हा मी गल्लीत सगळ्यांना सांगून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. आम्ही पोचलो तेव्हा टॉवेलमध्ये होतीस. पंजाचा तळवा बघितला मी तुझा. तोही पिवळा होता. तिथे हळद कशी लागेल, नाही का? चालणाऱ्या पायाला लागलेली हळद जमिनीला पुसली जाते. एवढं साधं होतं ते.

अँटॉप हिलला माझ्या भावाच्या कॉलनीत जरा माती आहे, तिथे तुला ठेवलं. खड्डा ह्यांनी खणला. हे कधी कोणाला बोलत नाहीत, तुला ठाऊक आहे. पण फावडं खाली ठेवलं आणि प्राजक्ताला म्हणाले, “तुका दिसला होता, मगे आधी कित्याक नेलंस नाय?” डॉक्टरांनी म्हटलेलं त्यांच्या कानावर गेलं होतं. प्राजक्ता म्हणाली, “चुकलं माझं, बाबा.”

मी तिथेच उभी होते गं. हातात फुलांची पुडी होती. मी पुडी सोडवत राहिले. दोऱ्याची गाठ सुटत नाही असं दाखवत राहिले.

ह्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. थट्टा झाली ती अजाणता झाली, असं मी मनाला सांगू शकते. धणा समजले तेही अजाणता. पण ती गाठ मला सुटत होती.

घरी आल्यावर मी समजूत करून घेतली की प्राजक्ता मोठ्या मनाची आहे, सासूची अब्रू राखली तिने, आता बोलून काय फायदा. परवा त्या बाईला ‘गेली सासरी’ म्हणून आत गेले तर प्राजक्ता खोलीत उभी होती. तिने ऐकलं होतं. त्यानंतर ती जेवली नाही. काल सकाळी मी चहाचा कप घेऊन तिच्यापाशी गेले. म्हटलं, “तू माझ्यासाठी खोटं बोललीस. मला कळतं गं.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “खोटं? मी कुठे खोटं बोलले आई?”

“उशीर तू केलास म्हणालीस.”

“मग मीच केला ना. मला माहीत होतं ती आजारी आहे. तुम्ही हसलात त्याच दिवशी मी टॅक्सी करून न्यायला हवं होतं. पुन्हा सांगायला हवं होतं तुम्हाला. मी रोज बाहेर यायचे सांगायला आणि परत जायचे.”

“का परत जायचीस?”

तिने कप खाली ठेवला. “मला तुमची भीती वाटते.”

असं म्हणाली. रागाने नाही, रडून नाही. डब्यातलं मीठ संपलंय असं सांगावं तसं सांगितलं. आणि मी इतके दिवस समजत होते की ती मला सांभाळून घेतेय! तिने तुझं मरण खरोखर स्वतःच्या डोक्यावर घेतलं होतं, तिरफळ. आणि ते तिच्या डोक्यावर मी ठेवलं होतं, बायकांना हसवता हसवता. मला भूमी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिला जवळ घ्यायचं सुचलं नाही. “बरं,” एवढंच म्हणून मी बाहेर आले. काल दिवसभर मी कोणाशी बोलले नाही, आणि गल्लीतल्या लोकांनी मला बरं नाही का म्हणून विचारलं.

आज ह्यांना सांगायचं ठरवलं. बाजूला घेऊन, हळूच. पण हळूच सांगायची सोय आमच्या घरात आहे कुठे? एवढी वर्षं त्या यंत्रापाशी उभं राहून ह्यांचे कान गेलेत, आणि सीझन संपत आला तरी रांग काही हटत नाही. मी जवळ जाऊन म्हटलं, “अहो, उशीर प्राजक्ताने नाही केला.”

“काय?”

“प्राजक्ताने उशीर नाही केला!”

“कोणी?”

“मी!” मी ओरडले. “ती सांगत होती, मी हसले! मी तिला हसले!”

ह्यांनी तेवढ्यात यंत्र बंद केलं, माझं ऐकू यावं म्हणून. माझं शेवटचं वाक्य साऱ्या गल्लीत गेलं. समोरच्या पापडवाल्याने मान वर केली. रांगेतल्या बायकांनी नाकावरचे पदर खाली घेतले. आता लपवायला राहिलंच काय? मग मी सगळं सांगितलं, नेहमीच्या आवाजात. नवरीची थट्टा, धणा, डॉक्टरांशी बोललेलं खोटं, अँटॉप हिलला गप्प राहिले ते. हे ऐकत होते. तोंडावर बांधलेलं फडकं त्यांनी खाली ओढलं, माझ्याकडे असं बघितलं की मार परवडला असता, आणि आत हाक मारली, “प्राजू, भायर ये गो.”

प्राजक्ता दारात आली. हे तिला म्हणाले, “माका म्हायत नव्हता.” आणि ते फडक्याने हात पुसत राहिले.

काळाचौकीची बाई कुटलेला मसाला न्यायला आली होती. तिला ते बघवेना. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, “जाऊ दे हो काकी. किती मनाला लावून घेताय? मांजर तर होतं.”

मी मान हलवणार होते. खरंच सांगते, हलवणार होते. कोणीतरी जाऊ दे म्हटलं की किती बरं वाटतं.

“जाऊ दे कसं?” प्राजक्ता म्हणाली. यंत्र बंद होतं, पण चालू असतं तरी ऐकू आलं असतं. “ती मरत होती आणि तुम्ही सगळ्या हसत होतात. तिला फूल लावून हसत होतात. आई, तुम्हीसुद्धा.”

लग्न होऊन आल्यापासून तिचा आवाज मी असा ऐकला नव्हता. सगळी रांग माझ्याकडे बघायला लागली, आता काकी काय बोलते म्हणून. माझ्याकडे नेहमी उत्तर तयार असतं ना.

“हो,” मी म्हटलं. “मी सगळ्यांच्या आधी.”